अक्षरे उलटी दिसत नाहीत, मग डिस्लेक्सिया कसा?

प्रश्न : माझा नातू चौथीत, सेमी-इंग्रजी शाळेत आहे. नाशिक रोड स्टेशनवरची घोषणा एकदा ऐकली की गाडी, फलाट, वेळ सगळे घडाघडा सांगतो. तोंडी हिशेबातही पक्का. पण पुस्तक उघडले की अडखळतो, एका परिच्छेदाला घाम फुटतो. डोळे तपासले, नंबर नाही. शिकवणीच्या बाई म्हणतात, लक्षच देत नाही. सुनेला डिस्लेक्सियाची शंका येते. पण त्यात अक्षरे उलटी दिसतात ना? याला तसे काही दिसत नाही. मग काय समजायचे? आणि माध्यम बदलावे का?
– एक आजी, जेल रोड, नाशिक रोड

उत्तर : आजी, तुमचे कोडे असे आहे की, ज्याला ऐकलेले सगळे राहते त्याला लिहिलेले का वाचता येऊ नये? आणि अक्षरे सरळ दिसत असतील तर डिस्लेक्सियाची शंका घ्यावी का? घ्यावी. अक्षरे उलटी दिसणे ही या अडचणीची ओळख नव्हेच. २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला आणि हा शब्द घराघरांत पोचला, हे त्या चित्रपटाचे मोठे काम. पण कागदावर नाचणारी अक्षरे लोकांच्या मनात फारच पक्की बसली. अक्षर किंवा अंक उलटा काढणे सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलांकडून होते आणि पुढे सुटते.

मग अडते कुठे? बोलायला मूल घरात ऐकून ऐकून शिकते. वाचायला मात्र शिकवावे लागते. माणसाने लिहायला सुरुवात करून जेमतेम पाच हजार वर्षे झाली. त्यामुळे मेंदूत वाचनासाठी जन्मापासून राखलेली जागा नाही. बघण्याचे आणि भाषेचे भाग एकमेकांना जोडून तो हे काम भागवतो. त्यासाठी आधी ऐकलेल्या शब्दातले आवाज सुटे करता यावे लागतात. ‘सकाळ’मधला ‘स’ काढला तर काय उरते? चौथीतली बहुतेक मुले चटकन ‘काळ’ म्हणतील. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला सकाळ म्हणजे काय ते उत्तम कळते, पण शब्द असा फोडताना तो अडतो. आवाजच सुटे होत नाहीत, तर कोणत्या अक्षराला कोणता आवाज लावायचा? म्हणून घोषणा पाठ होते आणि तीच माहिती फलकावर वाचताना दमछाक होते.

आपल्या लिपीत हे जरा वेगळे दिसते. मराठीत जसे लिहितो बहुतांशी तसेच वाचतो, त्यामुळे अशी मुले बरेचदा बरोबर वाचतात, पण फार हळू. ‘किरण’ घ्या. वेलांटी ‘क’च्या आधी लिहिलेली, उच्चारायची मात्र नंतर. ‘वर्ग’मध्ये रफार बसला आहे ‘ग’च्या डोक्यावर, पण म्हणायचा त्याच्या आधी. शिवाय घ-ध, भ-म या सारख्या दिसणाऱ्या जोड्या आहेतच. ही उलटापालट तुमची-आमची नकळत होते. तुमच्या नातवाला कदाचित ती दर शब्दाला जुळवावी लागत असेल. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात निसटते, आणि बाईंना वाटते लक्ष नाही. असा मुलगा वर्गातल्या इतरांपेक्षा जास्तच कष्ट उपसत असतो, हे मला फार कळकळीने सांगावेसे वाटते. ऱ्हस्व-दीर्घ चुकतात एवढ्यावरून मात्र काही ठरवू नका, ते सगळ्यांचेच चुकते.

बुद्धीशी याचा संबंध नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. हुशार, खेळात तरबेज, पण वाचनात अडलेला. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत पहिला आला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना परीक्षेत सवलती देऊ केल्या त्या बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमतेला जागा मिळाली. ही अडचण घराण्यातूनही येते, तेव्हा वडिलांना किंवा काकांना लहानपणी वाचनाचा त्रास होता का, ते विचारून पाहा. कुणाच्या संगोपनात खोट काढायची गरज नाही.

आता करायचे काय? डोळे झाले, कानही तपासून घ्या. मग मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडून रीतसर चाचणी. ती मराठीत व्हायला हवी. २०१५ मध्ये आलेल्या ‘डाली’ या भारतीय भाषांच्या चाचणीसंचात मराठी पहिल्यापासून आहे. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या साधारण आठव्या वर्षानंतर मिळते, म्हणजे तुमच्या नातवाचे वय योग्य आहे. त्यासाठी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पुढे दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे अर्ज जातो.

यावर औषध नाही, आणि स्मरणशक्तीच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. उपयोग होतो तो शिकवण्याच्या पद्धतीचा. आवाज फोडणे, जोडणे, बोटाने अक्षर गिरवत म्हणणे, हे रोज थोडे थोडे, पण न चुकता. हे सुरू असताना धडा त्याला वाचून दाखवा, म्हणजे इतिहास-विज्ञान मागे पडणार नाही. आणि वर्गासमोर उभे करून वाचायला लावू नये, अशी शाळेला विनंती करा.

राहिले माध्यम. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार, म्हणून तिथे ही मुले जास्त ठेचकाळतात. मराठी त्या मानाने सरळ. पण नुसते माध्यम बदलून डिस्लेक्सिया जात नाही, आणि चौथीत शाळा बदलली की मित्र तुटतात. तेव्हा आधी चाचणी होऊ द्या. विशेष शिक्षक दोन्ही भाषांतले त्याचे वाचन ऐकतील, मग त्यांच्याशी बोलून माध्यमाचे ठरवा.