होडी आणि मचवा

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यात, बोर्ली पंचतन हे गाव आहे. तेथून एक रस्ता राजपुरीच्या खाडीकाठी असलेल्या दिघी बंदराकडे जातो. या बंदरात लहानमोठ्या होड्या पाण्यावर तरंगत असतात. त्या होड्यांपासून निसर्गाचा एक मोठा नियम शिकता येतो.

समजा, धक्क्यापाशी एक लहान होडी व एक मोठा मचवा शेजारी शेजारी आहेत. होडीला हाताने रेटा दिला की ती तत्काळ दूर सरते. तोच रेटा मचव्याला दिला, तर तो प्रथम जागचा हललासे वाटतही नाही. बराच वेळ रेटल्यावर तो सावकाश चालू लागतो. मचवा वजनदार म्हणून असे होते, असे कोणी म्हणेल. परंतु त्याचे वजन तर पाण्याने पेललेले असते; रेटणाऱ्याला ते उचलावे लागत नाही. मग मचवा विरोध करतो तो कशामुळे?

मचव्यात होडीपेक्षा द्रव्य अधिक असते. वस्तूतील द्रव्याच्या परिमाणास वस्तुमान म्हणतात. स्थिर वस्तू स्थिरच राहू पाहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ पुढे जाऊ पाहते. या गुणधर्मास जडत्व असे नाव आहे. वस्तुमान जितके अधिक, तितके जडत्व अधिक. होडीचे वस्तुमान १०० किलोग्रॅम व मचव्याचे १००० किलोग्रॅम असेल, तर सारख्याच रेट्याने होडीला १ सेकंदात येणारा वेग मचव्याला येण्यास १० सेकंद लागतील. मात्र येथे पाण्याचा अडथळा हिशेबात धरलेला नाही.

चालत्या वस्तूला चालू ठेवण्यासाठी सतत रेटा लागतो, अशी पूर्वी समजूत होती. इटलीतील गॅलिलिओ (१५६४–१६४२) याने ती चुकीची ठरविली. पुढे १६८७ साली न्यूटनने आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले. त्यांतील पहिला नियम जडत्वाचाच होय.

जडत्वाला दुसरीही बाजू आहे. मचवा धक्क्याला लागताना अगदी सावकाश येतो. तो हाताने सहज थोपविता येईल, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु जो चालू लागण्यास वेळ घेतो, तो थांबण्यासही तितकाच वेळ घेतो. त्याला एकाएकी अडवू पाहणारा हात मध्ये चिरडला जातो. म्हणून जाणता खलाशी धक्का व मचवा यांच्यामध्ये कधीही हात वा पाय घालीत नाही. तो मधे जुने टायर सोडतो. टायर दबत जातो आणि मचव्यास थांबण्यास अवधी मिळतो.

धक्क्यावर उभे असता केवळ वेग पाहून निर्धास्त होऊ नये. वस्तुमानही ध्यानात घ्यावे.