बुडालेल्या जहाजाचा धडा

‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका १९८५ साली भारतीय नौदलात दाखल झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गातील निवती रॉकजवळ ती बुडवून सागरतळी संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती उभारावी, या योजनेसाठी २२ फेब्रुवारी २०२५ रोजी ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपविण्यात आली.

वाळूच्या तळावर सागरी जीवांना चिकटण्यास टणक आधार नसतो. तो जहाजाचे पोलाद देते. प्रथम शेवाळ, मग कालवे व प्रवाळ, त्यांच्यामागून लहानमोठे मासे, अशी वस्ती वाढते. मात्र बुडविण्यापूर्वी तेल व विषारी पदार्थ काढावे लागतात. स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांना आतबाहेर जाण्यास मोकळे मार्ग ठेवावे लागतात.

समुद्र दूर असला तरी इंदापूर तालुक्याला बुडणे परिचित आहे. उजनीच्या पाण्यातील पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात उघडे पडते, तेव्हा विस्थापित गावे आठवतात. म्हणून इतिहास शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांपुढे प्रश्न ठेवतो : पाण्याखाली काय गेले, कोणाची उपजीविका बदलली आणि नव्या समृद्धीत त्यांचा वाटा किती? निवतीच्या मच्छीमारांसाठीही हाच प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे.