संरक्षित बाजारपेठ आणि नवे तंत्र

परदेशी मालाला दार बंद केले की देशी कारखानदार आपोआप नवे तंत्र शोधू लागतो, हे मानणे भाबडेपणाचे होय. परंतु संरक्षणामुळे तो हटकून आळशी बनतो, हे मतही एकांगीच आहे. भारतातील मोटार-उद्योगात या दोन्ही गोष्टी एकाच नियमाखाली घडलेल्या दिसतात.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, सुटे भाग टप्प्याटप्प्याने येथेच बनविण्याची योजना नसलेल्या कंपन्यांना निव्वळ जोडणीचा व्यवसाय करणे अशक्य झाले. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. उरलेल्यांना उत्पादनक्षमतेसाठी सरकारी परवाना लागे. मोटारगाडीसाठी ग्राहक आगाऊ रक्कम भरून वर्षानुवर्षे तिष्ठत असे. मग आराखडा पालटण्याची निकड कोणाला भासणार? मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अ‍ॅम्बॅसेडर १९५७ मध्ये आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या काळात इंजिने बदलली, रूप मात्र जवळजवळ तेच राहिले.

मालमोटारींची हकीकत निराळी आहे. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डायम्लर-बेन्झशी केलेला सहकार्य-करार १९६९ मध्ये संपला. त्यापूर्वीच, १९६६ मध्ये, कंपनीने पुण्यात अभियांत्रिकी संशोधन केंद्र स्थापन केले होते. यंत्रे व साचे आयात करावयाचे तर परवाना आणि परकीय चलन, दोन्ही मिळवावी लागत. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने ते स्वतःच घडविण्याचा खर्चिक मार्ग पत्करला. शिवाय येथील गिऱ्हाईक हिशेबी होते: मालमोटारीचा धनी डिझेल आणि भार खेपेगणिक मोजतो, आणि अशोक लेलँडचा पर्यायही त्याच्यापुढे असे. मोटारगाडीच्या खरेदीदाराजवळ असे हत्यार नव्हते.

या शिक्षणाची कसोटी १९८०-९० च्या दशकात लागली. हलक्या व्यापारी वाहनांसाठी टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्यांशी सहकार्य करण्यास भारतीय उद्योगांना अनुमती मिळाली. टेल्कोने १९८६ मध्ये स्वतःच्या आराखड्याची ४०७ बाजारात आणली. नव्या कंपन्यांचे पुष्कळ सुटे भाग अद्याप जपानहून येत होते, आणि १९८५ च्या अखेरीपासून येनचे मूल्य झपाट्याने चढत गेल्याने ते भाग महागले. ४०७ ला ही झळ लागली नाही. डीसीएम-टोयोटाचा कारखाना पुढे दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीकडे गेला.