आकडे वेगळे, गणित वेगळं

रायपूर

चि. ओंकार यास,


धान-वाहतुकीच्या प्रकल्पासाठी माहिती कोणत्या साच्यातल्या फाइलीत ठेवावी, असं तू विचारलं आहेस, आणि एमपीएस, एलपी, सीएसव्ही, जेसन, एक्सेल अशी यादीही दिली आहेस. माझं मत आधीच सांगून टाकतो. या यादीत दोन निरनिराळ्या कामांच्या फाइली एकत्र झाल्या आहेत. कोणत्या केंद्रावर किती धान आहे, मिल किती लांब आहे, हे सांगणारी फाइल एक. सॉल्व्हरपुढे, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामपुढे, समीकरणं मांडणारी फाइल दुसरी. पहिली माणसांनी लिहायची, वाचायची, तपासायची. दुसरी दरवेळी पहिलीवरून प्रोग्रामने तयार करायची आणि तिला कुणीही हात लावायचा नाही.

तुझा वाहतुकीचा प्रश्न गणित म्हणून जुना आहे. गणितज्ञ हिचकॉकने तो १९४१ साली मांडला. कठीण आहे तो त्याचा पसारा. छत्तीसगढमध्ये २,७००हून अधिक धान खरेदी केंद्रं आहेत आणि २०२३-२४च्या हंगामात तिथे सुमारे १४५ लाख टन धान आलं. हे धान केंद्रावरून थेट राइस मिलला जातं, नाहीतर मार्कफेडच्या, म्हणजे राज्याच्या सहकारी पणन महासंघाच्या, संग्रहण केंद्रावर. एकेका केंद्राला शंभर ठिकाणं शक्य धरली तरी २ लाख ७० हजार चल होतात. एवढ्या पसाऱ्यात चूक शिरते ती बहुधा नावांतून आणि आकड्यांतून; सोडवण्याच्या सिम्प्लेक्स पद्धतीकडे बोट दाखवण्याची वेळ क्वचितच येते.

आता सॉल्व्हरच्या फाइलीसाठीचा एमपीएस साचा घे. आयबीएमने १९६०च्या दशकात पंच कार्डांसाठी तो बेतला आणि त्याच्या अंगावरून ते कार्ड अजून उतरलेलं नाही. मूळ साच्यात नावाला आठ अक्षरांची जागा आहे, आकड्याला बारा. रोमन लिपीत लिहिलेलं महासमुंद हे जिल्ह्याचं नावसुद्धा आठात बसत नाही; मोहला-मानपूर-अंबागड चौकीचं तर नावच नको. पुढे आलेल्या मोकळ्या साच्यात नाव लांब चालतं, पण तिथे रकाने मोकळ्या जागेने तोडले जातात, म्हणून ‘चौकी’च्या आधीची ती एक जागा पुढची सगळी ओळ बिघडवते. त्याहून गंभीर म्हणजे, उद्दिष्ट लहान करायचं की मोठं, हे मूळ एमपीएसमध्ये लिहिण्याची सोयच नव्हती. ती नंतर जोडली गेली. पूर्णांक चलाला वरची मर्यादा दिली नाही, तर काही सॉल्व्हर ती १ धरतात, काही अनंत. ट्रकच्या फेऱ्या मोजणाऱ्या चलाला कुणी १ची मर्यादा लावली तर उत्तर येईल, नीटनेटकं येईल, आणि ते चुकीचं असेल. म्हणून दोन्ही मर्यादा दरवेळी स्पष्ट लिहाव्यात.

एलपी साचा डोळ्यांना सोपा. समीकरण वहीत लिहावं तसंच दिसतं, म्हणून नवशिक्यांना तो आवडतो. पण त्यात नावामध्ये वजाचं चिन्ह चालत नाही. गौरेला-पेंड्रा-मरवाही हे रोमन लिपीतलं जिल्ह्याचं नाव तू तसंच टाकलंस, तर सॉल्व्हर एक तर फाइल नाकारेल, किंवा, हे जास्त वाईट, गौरेलातून पेंड्रा आणि मरवाही वजा करेल. शिवाय एलपी हा एकच साचा नाही. सिप्लेक्स या सॉल्व्हरची बोली वेगळी, एलपी-सॉल्व्हची वेगळी. मॉडेल छोटं करून, दहा-वीस ओळींत, आपण लिहिलं तेच यंत्राला कळलं का हे पाहायला एलपी उत्तम. त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नकोस.

एवढे दोष असूनही सॉल्व्हरपाशी पोचवायला मी एमपीएसच सुचवतो. नेटलिब या संग्रहात १९८५पासून जमत गेलेली नमुना उदाहरणं याच साच्यात आहेत, आणि हायस्सारखा आजचा फुकट सॉल्व्हरही ती वाचतो. ज्युलिया भाषेत मॉडेल मांडण्याचं जंप हे साधन करणाऱ्यांचा जेसनवर आधारलेला साचा रचनेने खूपच शहाणा आहे, पण तो वाचणारे थोडे. निरोप्या निवडताना त्याला किती घरं ठाऊक आहेत ते आधी पाहावं, पोशाख नंतर.

नावांची गोष्ट इथे संपत नाही. राज्य झालं तेव्हा १६ जिल्हे होते, आज ३३ आहेत. त्यांतले पाच सप्टेंबर २०२२मध्ये झाले. आज सक्ती जिल्ह्यात असलेलं केंद्र आधी जांजगीर-चांपात होतं. कवर्धा आणि कबीरधाम एकच. म्हणजे नाव ही ओळख होऊ शकत नाही. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला क्रमांक आहे, तो वापर. केंद्राला खरेदीच्या नोंदीतला क्रमांक दे. आणि ‘कधीपासून लागू’ हा रकाना ठेव. समीकरणांत फक्त क्रमांक जाऊ देत. नावं उत्तर छापताना परत जोडता येतात.

केंद्रांचे आणि अंतरांचे तक्ते मी साध्या सीएसव्हीत ठेवेन, युनिकोडमध्ये. ‘सगळं कार्यालय एक्सेलवर चालतं, सीएसव्ही कोण भरणार?’ असं तुझे लोक म्हणतील, आणि ते खरं आहे. भरू देत एक्सेलमध्ये. पण तिथून प्रोग्रामने तपासून सीएसव्ही काढ आणि हिशेब त्यावरच कर. एक्सेल क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य खातं, ‘४-१२’ला तारीख समजतं. त्याच्या जुन्या साच्यात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. याच मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२०मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या मोजणीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस गळले होते. तुझ्या अंतरांच्या तक्त्याला त्याच्या चौपटीहून जास्त ओळी लागणार आहेत. आणि इकडच्या कार्यालयांतून येणाऱ्या हिंदी फाइली कृतिदेव फॉन्टमध्ये असल्या, तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घे. तो फॉन्ट काढला की खाली नुसती रोमन अक्षरं उरतात.

परिमाण कोणताच साचा सांगत नाही. खरेदी क्विंटलमध्ये होते, ट्रकची क्षमता टनांत. दोन्ही आकडे बिनतक्रार एका समीकरणात बसतात आणि दहापटीचा फरक गिळून टाकतात. रकान्याच्या नावातच ‘क्विंटल’ किंवा ‘टन’ लिही; मथळ्याची लांबी वाढली तर वाढू दे.

मजकुराच्या फाइली वाचायला वेळ लागतो, हा वेगाचा आक्षेप मला पटत नाही. मजकुराची फाइल जाडजूड होते खरी, पण ती दाबून ठेवता येते आणि बरेच सॉल्व्हर दाबलेलीच वाचतात. पूर्णांक चल आले की वाचण्याच्या सेकंदांपुढे सोडवण्याचे तास येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज पायथनमधून मॉडेल थेट सॉल्व्हरच्या स्मृतीत उभं करता येतं, मग एमपीएस लिहायचाच कशाला? रोजच्या कामात नको लिहूस. पण एखादा मिलवाला विचारेल की अमुक केंद्राचं धान मला का दिलं नाही, किंवा दोन सॉल्व्हरची उत्तरं जुळणार नाहीत. त्या वेळी स्मृतीतलं मॉडेल केव्हाच पुसलेलं असतं. सॉल्व्हरच्या ज्या उत्तरावरून वाहतुकीचा आदेश निघणार, त्यामागची एमपीएस फाइल, तिला जन्म देणारे तक्ते आणि सॉल्व्हरची आवृत्ती, तिन्ही एकाच तारखेच्या फोल्डरमध्ये टाक.

आकडे आणि मॉडेल वेगळे ठेवण्याची शिस्त काही माझी नव्हे. बेल लॅब्जमध्ये १९८५च्या सुमारास एएमपीएल भाषा घडली ती याच पायावर, आणि तिचा एक फुकट भाग जीएलपीके या सॉल्व्हरमध्ये मिळतो. तिथे मॉडेल पानभर राहतं आणि आकडे बाहेरच्या तक्त्यांतून येतात. आधी सक्ती आणि जांजगीर-चांपा एवढे दोनच जिल्हे घेऊन त्यात मांडून पाहा, एलपी काढ, ओळ न् ओळ वाच. मग त्या दोन जिल्ह्यांचे तक्ते आणि ती एलपी फाइल मला पाठव.

तुझा
मामा