पाइपचा गॅस घरात घेण्याआधी

हिंजवडीत नणंदेकडे पाइपचा गॅस आहे. त्यामुळे कासारसाईत आमच्याकडेही ‘लाइन आली तर स्वयंपाक, अंघोळीचं पाणी सगळं त्यावरच करायचं का’ हा विषय निघतोच. पुण्यात हे काम महाराष्ट्र नॅचरल गॅस ही गेल आणि भारत पेट्रोलियमची 2006 सालची संयुक्त कंपनी करते. नणंदेकडचं पाहून आणि घरची बिलं समोर ठेवून जे पटलं, ते सांगते.

1. शेगडी आणि गिझर यांचा निर्णय वेगवेगळा घ्यावा. शेगडीला माझा सरळ होकार आहे. 14.2 किलोच्या सिलिंडरएवढी उष्णता सुमारे 18 घनमीटर पाइपच्या गॅसमध्ये असते. सिलिंडरच्या भावाला 18 ने भागा आणि तो आकडा पाइपच्या दराशेजारी ठेवा.

2. पाण्याचा हिशोब विजेशी करायचा. घनमीटरभर गॅसमध्ये विजेच्या सुमारे 10 युनिटांएवढी उष्णता असते. गिझरमध्ये थोडी वाया जाते, म्हणून 8 धरा. गॅसच्या दराला 8 ने भागा आणि महावितरणच्या बिलातला आपला शेवटचा टप्पा बघा. 100 युनिटांच्या आत राहणाऱ्या घराचं उत्तर वेगळं येईल, 300 च्या वर जाणाऱ्याचं वेगळं.

3. सिलिंडरवरचा गिझर तसाच पाइपला जोडता येत नाही. शेगडीचे नोझलही बदलावे लागतात, कारण या गॅसला मोठं छिद्र लागतं. हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं.

4. सगळ्यात जास्त काळजी हवेची. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे जातो. म्हणून झरोका वर हवा. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. पण गिझरचा धोका गळतीपुरता नाही. बंद न्हाणीत ज्योत जळत राहिली की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, अंघोळ करणारा तिथेच कोसळतो. थंडीत खिडकीला पुठ्ठा लावणारी घरं मी पाहिली आहेत, तेव्हा पोटात गोळा येतो.

5. दावणीला जनावरं असतील तर गोबरगॅस विसरू नका. 25 किलो शेणातून घनमीटरभर गॅस मिळतो.

आमचं ठरलं आहे: लाइन आली की शेगडी पाइपवर, पाणी सौरबंबावर, पावसाळ्यात विजेवर. तुम्ही गॅस गिझर घेणारच असाल, तर कृपा करून तो न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत बसवा.