चाळीस किलोंचं म्हातारपण

कुत्रा घ्यायचा म्हटलं की लोक पिल्लू बघायला जातात आणि तिथंच फसतात. लॅब्रॅडॉर काय नि स्पिट्झ काय, दोन्ही पिल्लं त्या वयात मांडीवर मावतात. (आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. तरी सर्रास विकतात. घेऊ नका.)

आमच्या घराण्यात दोन्ही टोकं होती. आमच्याकडे पुण्यात, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ब्रूनो, म्हणजे लॅब. ठाण्याला आईकडे मोती, स्पिट्झ. सगळी सोसायटी त्याला पॉमेरेनियन म्हणायची. आपल्याकडे त्या नावानं खपतात ते बहुतेक स्पिट्झच.

ब्रूनोचं खाणं, खर्च, फिरवणं सगळं निभलं. फ्लॅट लहान असल्याचाही फारसा त्रास झाला नाही. रोज दोन वेळा भरपूर फिरवलं की मोठा कुत्राही घरात पडून राहतो. अडलं ते उतारवयात. मोठ्या जातींना खुब्याचा त्रास अनेकदा आनुवंशिकच असतो, त्यात आमच्या गुळगुळीत फरश्या. उठताना त्याचे मागचे पाय फाकायचे, नखं फरशीवर खरखरत राहायची. शेवटी जुन्या चादरीची घडी पोटाखालून घ्यायची, एकानं पुढून पट्टा धरायचा, दुसऱ्यानं चादरीनं मागचा भाग उचलायचा, आणि जिना उतरायचा. शू करायला, दिवसातून तीनदा. पावसाळ्यात भिजलेला, चाळीस किलोंचा कुत्रा परत वर. नवरा गावाला गेला की शेजारच्या काकांना हाक मारायची. काकांचीही कंबर दुखायची, पण बोलायचे नाहीत.

म्हणून मोठं पिल्लू आणणाऱ्यांना माझं सांगणं: फरशीवर पहिल्या दिवसापासून रबरी मॅट किंवा सतरंज्या टाका. वजन वाढू देऊ नका. गुबगुबीत लॅब फोटोत छान दिसतो, सांध्यांना सोसत नाही. ‘हाडं मजबूत होतात’ म्हणून कॅल्शियमचं औषध मनानं पाजू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांत जादा कॅल्शियमनं हाडांची वाढच बिघडते. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: ग्रेट डेन, जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट अचानक फुगलं, ओकाऱ्या काढतोय पण पडत काही नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. पोटाला पीळ पडलेला असू शकतो आणि हातात काही तासच असतात.

मोतीचं उलटं. ‘एवढुसा तर आहे!’ हे आईचं पालुपद. एवढुसा, म्हणून भुंकला तरी कुणी दटावलं नाही, पाहुण्यांच्या पोटऱ्या धरल्या तरी हसू. लॅबनं असं केलं असतं तर पोलिसांत तक्रार गेली असती. सहा किलोंच्या जिवाला चहाबरोबरची बिस्किटं म्हणजे जवळपास जेवणच. दात कधी घासले नाहीत. लहान जातींच्या हिरड्या लवकर बिघडतात, दात हलतात. मोतीचे निम्मे काढावे लागले. शिवाय गळ्यातला पट्टा ओढला की ठसका. छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते, त्यांना छातीवरून जाणारा हार्नेसच घाला. सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, गुडघ्याची वाटी सरकते. मात्र तो चौदा वर्षं जगला, आणि शेवटच्या दिवसांत आईनं त्याला एका हातात उचलून नेलं.

पगचं काय, असं बरेच जण विचारतात. आकारानं सोयीचा, पण चपट्या नाकामुळे आपला उन्हाळा त्याला सोसत नाही. भर दुपारी फिरवलात तर उष्माघात ठरलेला. माझं मत विचाराल तर फ्लॅटमधल्या माणसानं पंधरा-वीस किलोंचा देशी कुत्रा दत्तक घ्यावा. हवा मानवते, अंगावरचे केस आखूड, आणि उचलता येतो. गोचिडांसाठीचं औषध आणि रेबीजची लस त्यालाही लागतेच, देशी म्हणून सूट नाही.

तरीही मोठाच हवा असेल, तर आधी एवढं करा. तांदळाचं तीस किलोंचं पोतं तुम्ही आणि घरातल्या आणखी एकानं मिळून तळमजल्यावरून आपल्या दारापर्यंत उचलून न्या, आणि परत खाली आणा. जमलं, तरच पिल्लू बघायला जा.