जोडरेषेचे पैसे किती मोजायचे?

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्यांत या दोन गोष्टी दोन वेगळ्या ठिकाणी असतात, एक जगाच्या इतिहासात आणि दुसरी महाराष्ट्राच्या. दोघींच्या मधे कापूस आहे. अमेरिकेचा कापूस बंद झाला, मुंबईतून जाणाऱ्या कापसाला प्रचंड भाव आला, त्या भावाच्या भरवशावर दख्खनमध्ये कर्जं वाढली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कर्ज मात्र अंगावर राहिलं. त्यात सरकारने सारा वाढवला.

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. आता पर्याय निवडून भागत नाही, हा धागा स्वतः मांडावा लागतो. म्हणून अनेक जण माइंड मॅपच्या सॉफ्टवेअरकडे वळतात आणि पहिल्याच आठवड्यात ‘प्रो घ्या’ या बटणापाशी येऊन थांबतात. घ्यावं का? माझं मत असं की पैसे मोजायचे असतील तर ते जोडरेषेसाठी मोजावेत. रंग, चित्रं, तयार नमुने यांच्यासाठी नाही. मधोमध विषय आणि भोवती फांद्या हे काम कागदावर उत्तम होतं. टोनी बुझान यांनी १९७४ साली बीबीसीच्या मालिकेतून ही पद्धत घरोघरी पोचवली, तेव्हा हाताशी कागद आणि रंगीत पेनंच होती. कागद कमी पडतो तो वेगळ्या जागी. डाव्या टोकाची फांदी उजव्या टोकाच्या फांदीशी जोडायची असते, तीही तीन महिन्यांनी, मधल्या वीस चौकटी न खोडता.

‘जोडणं’ या एका शब्दाखाली चार वेगळी कामं येतात. दुकानात शिरण्याआधी आपल्याला कुठलं हवं ते ठरवा. पहिलं, एकाच नकाशातल्या दोन चौकटींमध्ये बाण काढणं. दुसरं, चौकटीवर टिचकी मारली की दुसरा नकाशा किंवा फाईल उघडणं. तिसरं, एकच चौकट दोन फांद्यांवर ठेवणं, म्हणजे एकीकडे मजकूर बदलला की दुसरीकडे आपोआप बदलतो. चौथं, टिपणांतले परस्पर दुवे: ‘सुपे’ हा शब्द कुठल्या कुठल्या टिपणात आला आहे, ते ‘सुपे’ या टिपणाखालीच दिसणं. बहुतेकांना पहिलं आणि चौथं लागतं, आणि दोन्ही आज शून्य रुपयांत मिळतात.

शून्य रुपयांत काय मिळतं

फ्रीप्लेन हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. चौकटींची संख्या मोजत नाही, नकाशांची मोजत नाही, खातं उघडायला लावत नाही. वर सांगितलेली पहिली तिन्ही कामं त्यात होतात. बाणाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे तीन ठिकाणी शब्द लिहिता येतात. ही सोय मला फार मोलाची वाटते. नुसती रेघ काही सांगत नाही. युद्ध आणि सुपे यांच्यामधल्या रेषेवर ‘भाव कोसळला, कर्ज राहिलं’ असं लिहिलं, तरच सहा महिन्यांनी तो नकाशा आपल्याशी बोलतो. फ्रीप्लेनच्या दोन उणिवा आहेत. दिसायला ते जुनाट आहे आणि त्याचं मोबाईल ॲप नाही. अभ्यासिकेत फोनवरच वाचणाऱ्याला नकाशाची पीडीएफ काढून न्यावी लागते.

विषय समजून घेण्यासाठीच नकाशा काढणार असाल तर सीमॅपटूल्स बघा. कॉर्नेल विद्यापीठातल्या जोसेफ नोव्हाक यांच्या गटाने १९७२ मध्ये, मुलांना विज्ञान कसं उमगत जातं हे अभ्यासताना, संकल्पना-नकाशाची पद्धत बसवली. फ्लोरिडातल्या आयएचएमसी या संस्थेने तिच्यासाठी हे सॉफ्टवेअर केलं आणि ते सर्वांना मोफत आहे. इथे दोन चौकटी जोडल्या की रेषेच्या मध्ये चार प्रश्नचिन्हं येऊन बसतात. त्यांच्या जागी ‘मुळे’, ‘विरुद्ध’, ‘चा भाग’ असं काहीतरी तुम्ही लिहायचं. शिक्षकांना माझा आग्रह आहे की वर्गात हेच वापरावं. मुलाने रेषेवर काय लिहिलं यावरून त्याला कळलं की नाही ते लगेच दिसतं.

चौथ्या कामासाठी ऑब्सिडियन. टिपण लिहिता लिहिता दुहेरी चौकटी कंसात शब्द घातला की दुवा तयार होतो. टिपणं साध्या मजकुराच्या फाईलींत आपल्याच संगणकावर राहतात. वापर मोफत आहे, मोबाईलवरही. त्याचा जाळ्यासारखा आलेख सुरेख दिसतो, पण त्या रेषांवर शब्द लिहिता येत नाहीत. शब्द हवे असतील तर त्यातच ‘कॅनव्हास’ नावाचा फलक आहे, तिथे लिहिता येतात. पैसे लागतात ते सर्व उपकरणांवर टिपणं एकसारखी ठेवण्याच्या सेवेसाठी: वर्षाचे एकदम भरले तर महिना ४ डॉलर. विद्यार्थी आणि शिक्षकांना ४० टक्के सूट आहे. ती मागावी लागते आणि पुष्कळांना माहीत नसते.

पैसे कुठे सुरू होतात

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सेवांची फुकट आवृत्ती बहुधा तीनवर अडते. माइंडमाइस्टरमध्ये तीन नकाशे, कॉगलमध्ये तीन खासगी आकृत्या, मिरोमध्ये बदल करता येतील असे तीन फलक. कॉगलवर याहून जास्त आकृत्या फुकट काढता येतात, पण त्या जाहीर असतात. घरचे हिशेब किंवा कुणाच्या आजाराचे तपशील तिथे कधीही टाकू नका. या सेवांचं खरं बळ चार जणांनी एकाच वेळी एकाच नकाशावर काम करण्यात आहे. गटाने प्रकल्प करत असाल तर वर्गणी वसूल होते. एकट्याने अभ्यास करायचा असेल तर सहसा होत नाही.

वर्गणी नको असणाऱ्यांसाठी सिंपलमाइंडसारखी एकरकमी विकत घ्यायची सॉफ्टवेअरंही आहेत. तिथे एक गोष्ट विचारून घ्या: विंडोजचा परवाना मॅकवर किंवा फोनवर चालतो का? सहसा प्रत्येकाचे पैसे वेगळे असतात. माइंडनोड फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालतं, तेव्हा उद्या फोन बदलायचा विचार असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता डॉलरचा हिशेब. ‘महिना ५ डॉलर’ वाचलं की आपण डॉलर ९० रुपये धरून साडेचारशे म्हणतो आणि पुढे जातो. वर्षाचे ६० डॉलर म्हणजे ५,४०० रुपये. परदेशी ऑनलाइन सेवेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९७२ रुपये. झाले ६,३७२. परकीय चलनातल्या व्यवहारावर अनेक कार्डं साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लावतात, तो सुमारे २२३ रुपये, आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी, सुमारे ४० रुपये. एकूण ६,६३५, म्हणजे महिन्याला साडेपाचशेच्या वर. जाहिरातीतला आकडा मनात न ठेवता पैसे भरण्याच्या पानावरचा शेवटचा आकडा बघा. त्यात कार्डाचा आकार धरलेला नसतो, तो बँकेच्या विवरणात नंतर दिसतो.

सोडून जाताना काय हाती उरतं

ही सगळ्यात महागडी बाजू आहे आणि किमतीच्या पानावर ती लिहिलेली नसते. एका सेवेतला माझा दीडशेच्या आसपास चौकटींचा नकाशा मी दुसरीकडे नेला होता, ओपीएमएल फाईल करून. चौकटी सगळ्या आल्या, फांद्याही आल्या. आडव्या जोडरेषा मात्र एकही आली नाही आणि त्यांच्यावर लिहिलेले शब्दही गेले. तीन महिन्यांचा विचार त्या रेषांतच होता. ओपीएमएल ही मुळात पायऱ्यापायऱ्यांच्या यादीची फाईल आहे: एकाखाली एक, त्याच्या पोटात एक. आडव्या नात्याला तिच्यात ठरलेली जागाच नाही. पीडीएफ किंवा चित्र काढलं तर रेषा दिसतात, पण ते फक्त बघण्यापुरतं, पुढे बदल करता येत नाही. फ्रीप्लेनची फाईल नोटपॅडमध्येही उघडते आणि बाणांची नोंद तिच्यात वाचता येते, म्हणून तिची मला धास्ती वाटत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी अर्धा तास काढून एक चाचणी करा. दहा चौकटींचा नकाशा काढा, त्यात तीन आडव्या रेषा घाला आणि प्रत्येकीवर शब्द लिहा. मग एक चौकट उचलून दुसऱ्या फांदीवर ठेवा. रेषा तिच्याबरोबर गेली पाहिजे. त्यानंतर फाईल बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि तीनपैकी किती रेषा पोचल्या ते मोजा. मराठीसाठी आणखी एक पायरी आहे. चौकटींत ‘ज्ञानेश्वर’, ‘उत्क्रांती’, ‘कर्ज’, ‘ऱ्हास’ असे शब्द घालून पीडीएफ काढा. जोडाक्षरं सुटी पडली आहेत का, रफार भलत्या अक्षरावर गेला आहे का, बघा. मग त्याच पीडीएफमध्ये ‘कर्ज’ शोधून पाहा. डोळ्यांना अक्षरं नीट दिसत असूनही शोधल्यावर शब्द सापडत नाही, असं पुष्कळदा होतं. ज्याला शोधता येण्यासाठीच नकाशा हवा आहे, त्याच्यासाठी ते सॉफ्टवेअर तिथेच बाद.

चाचणीत उतरलं आणि वर्गणी घ्यायचीच ठरली, तर पहिल्यांदा एकाच महिन्याची घ्या. वार्षिक सवलत दुसऱ्या महिन्यातही मिळते. कार्डावरून आपोआप पैसे जाण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत: वजावटीच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना दर वेळी ओटीपी लागत नाही. तो आधी येणारा संदेश वाचत चला, कारण नंतर ओटीपी अडवायला येणार नाही. बँकेच्या संकेतस्थळावर ही परवानगी तुम्हाला स्वतः रद्द करता येते. पण सेवेच्या खात्यातूनही वर्गणी बंद करा आणि त्याआधी सगळे नकाशे उतरवून घ्या. बंद करण्याचं बटण लपवलेलं असेल, किंवा एकामागून एक पानं फिरवत असतील, तर तो ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांचे जे १३ प्रकार जाहीर केले, त्यांत तो आहे. स्क्रीनचे फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.